माझी मेथी खाणारा प्राणी आज टीव्हीवर हवामान सांगतोय

परसबाग | २ फेब्रुवारी २०२५, सकाळी ९:१०

रविवार असून सव्वासातला चहाचा कप घेऊन टीव्हीसमोर बसले होते. कशासाठी? तर एका ढोल्या प्राण्याला स्वतःची सावली दिसते का ते बघायला. दिसली. म्हणजे थंडी अजून सहा आठवडे. पांघरुणातून आवाज आला, "कॅलेंडर बघितलं असतंस तरी हेच कळलं असतं."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: पेनसिल्व्हेनियात पंक्सटॉनी नावाचं सहा हजारांच्या आतबाहेर वस्तीचं गाव आहे, पिट्सबर्गपासून साधारण ऐंशी मैलांवर. दर २ फेब्रुवारीला गावाबाहेरच्या गॉब्लर्स नॉब या टेकाडावर फिल नावाच्या ग्राउंडहॉगला लाकडी बुंध्यातून बाहेर काढतात. सावली दिसली तर हिवाळा लांबला, नाही दिसली तर वसंत लवकर. स्थानिक पेपरात १८८६ साली याची पहिली बातमी आली आणि १८८७ पासून लोक टेकाडावर जायला लागले. फिलची सगळी व्यवस्था 'इनर सर्कल' नावाचं मंडळ बघतं. सगळे काळा कोट आणि उंच टोपी घालून. मंडळाचं ठाम म्हणणं असं की १८८६ पासून आजवर हा एकच फिल आहे, त्याला दर उन्हाळ्यात अमृताचा घोट पाजतात आणि तो ग्राउंडहॉगांच्या भाषेत अध्यक्षांच्या कानात अंदाज सांगतो. हे सांगताना एकाच्याही चेहऱ्यावरची रेष हलत नाही. मला तेच सगळ्यात आवडतं.

२०१७ साली आम्ही हौसेनं गेलो होतो. पहाटे तीनला गावातून शाळेच्या पिवळ्या बसमध्ये बसवून टेकाडावर नेलं. मग चार तास उभं राहायचं. शेकोट्या, नाचगाणी, अंधारात आतषबाजी. पायात मोज्यांचे दोन थर होते, तरी पाचनंतर बोटं आहेत का नाहीत कळेना. शेजारच्या आजींनी न विचारता माझ्या हातात हात शेकायच्या दोन पुड्या कोंबल्या. उजाडताना अध्यक्षांनी काठीनं बुंध्याचं दार ठोठावलं, फिलला बाहेर काढून उंच धरलं, दोन गुंडाळ्यांपैकी एक उचलली आणि वाचली. सगळं मिळून पाच मिनिटं. त्या वर्षीही सावलीच दिसली होती. हजारो लोकांनी एका सुरात "बूऽऽ" केलं आणि हसत हसत बसकडे निघाले.

आता माझं दुखणं. आम्ही न्यू जर्सीत राहतो आणि आमच्या शेडखाली याचाच भाऊबंद राहतो. गेल्या मे महिन्यात पेरलेली मेथी चार बोटं वर आली, उद्या खुडू म्हटलं, आणि सकाळी बघते तर वाफा दाढी केल्यासारखा गुळगुळीत. मग घेवडा गेला. मग दुधीच्या वेलाचे शेंडे. आई तेव्हा इथे होती. खिडकीतून बघून ओरडली, "अगं बाई, केवढी ही घूस!" तो मागच्या दोन पायांवर उभा राहून, पुढच्या पायांत घेवड्याची शेंग धरून, आमच्याकडे बघत खात होता.

तर प्रश्न तीन. याला मराठीत काय म्हणायचं? आपल्याकडे वसंताची वर्दी देणारा असा कोणी प्राणी आहे का? आणि सर्वात महत्त्वाचं, यंदाची मेथी कशी वाचवू?

कावळेकाका | २ फेब्रुवारी, ९:२५

रुमाल टाकतोय. सविस्तर नंतर.

चौकस | २ फेब्रुवारी, ९:५८

आईंचा आदर राखून सांगतो, घूस नाही. घूस उंदराच्या कुळातली, हा खारीच्या. खारीचा थोराड, आळशी, जमिनीत राहणारा चुलतभाऊ समजा. मार्मोट म्हणतात त्यातलीच ही एक जात. मार्मोट आपल्या देशातही आहेत, पण हिमालयात. लडाखला गेलेल्यांनी रस्त्याकडेला उभे राहून शिट्टी मारणारे तपकिरी गोळे पाहिले असतील, तिथे त्यांना 'फिया' म्हणतात. हा तुमचावालाही शिट्टी मारतो. महाराष्ट्रात असा प्राणीच नाही, तर शब्द कुठून येणार? ग्राउंडहॉगच म्हणा.

गणिती | २ फेब्रुवारी, १०:३०

अमेरिकेच्या हवामान खात्यानं, म्हणजे 'नोआ'नं, यंदा असा अंदाज सांगणाऱ्या सगळ्या प्राण्यांचं प्रगतिपुस्तक काढलंय. तुमच्या फिलला ३५ टक्के. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या चकला ८५. नाणं उडवलं तर ५०. त्यामुळे फिल जे सांगेल त्याच्या उलट धरून चाला, तुमचा अंदाज ६५ टक्के बरोबर येईल.

आणि घरच्यांचं कॅलेंडरचं म्हणणं बरोबर आहे. २ फेब्रुवारीनंतर सहा आठवडे म्हणजे १६ मार्च. वसंतसंपात २० मार्चला. म्हणजे फिल म्हणतोय की वसंत वेळेवर येईल, आणि लोक त्याला बूऽऽ करतायत. शंभराहून जास्त वेळा त्यानं सावली पाहिलीय, न पाहिल्याची नोंद जेमतेम वीस-एकवीस. ज्याला नोकरी टिकवायची असते तो असाच अंदाज देतो.

हिमगौरी | २ फेब्रुवारी, ११:१५

चकचं नाव निघालंच आहे तर: २००९ साली त्यानं न्यूयॉर्कचे महापौर ब्लूमबर्ग यांचं बोट चावलं होतं. २०१४ साली पुढच्या महापौरांच्या हातून त्या वर्षीचा प्राणी निसटून पडला, आठवडाभरात मेला, आणि मग बाहेर आलं की तो चक नव्हताच, शार्लट नावाची मादी होती.

आमच्या ऑंटारियोत वायर्टन गावचा विली आहे, पांढऱ्याशुभ्र रंगासाठी प्रसिद्ध. १९९९ साली ऐन सणाच्या तोंडावर तो मेलेला सापडला. गावात पाहुणे, कॅमेरे, सगळं हजर. मग काय, छोटी शवपेटी मांडून दर्शनाला ठेवली.

राईनकाठी | २ फेब्रुवारी, १२:०५ (इथे संध्याकाळचे सहा)

या सगळ्याचं माहेर आमच्याकडे, जर्मनीत. २ फेब्रुवारी म्हणजे मेणबत्त्यांचा ख्रिस्ती सण, हिवाळ्यातला सगळ्यात लहान दिवस आणि वसंतसंपात यांच्या साधारण मधोमध. त्या दिवशी लख्ख ऊन पडलं तर थंडी लांबणार, असा शेतकऱ्यांचा ठोकताळा. त्याला कोणीतरी प्राणी जोडला, आणि तो होता बिज्जू, बॅजर. अठराव्या शतकात इथले लोक पेनसिल्व्हेनियात गेले तेव्हा तिथे बिळातून डोकं काढणारा म्हणून ग्राउंडहॉग मिळाला. चालवून घेतला. त्यांच्या बोलीत त्याला 'ग्रुंडसाउ' म्हणतात, सरळ अर्थ भुईडुक्कर.

त्याहून गंमत म्हणजे ही बोली टिकवायला त्यांनी १९३० च्या दशकात ग्राउंडहॉगच्याच नावानं मंडळं काढली. वर्षातून एकदा जेवण, भाषणं, नाटुकली, सगळं बोलीत. चुकून इंग्रजी शब्द तोंडातून गेला की तिथल्या तिथे दंड.

परसबाग | २ फेब्रुवारी, १२:४०

@राईनकाठी भुईडुक्कर! ठरलं. शेडखालच्याचं बारसं झालं, भुऱ्या. आणि हा दंड आमच्या महाराष्ट्र मंडळात लावायला हवा. गणपतीचा हॉल, मखर, जेवण, सगळं दंडातच निघेल. मी एकटीच ढोल-ताशाचा खर्च उचलेन.

वऱ्हाडी ठेचा | २ फेब्रुवारी, रात्री ११:२० (भारतीय प्रमाणवेळ)

ताई, आमच्या अकोल्यात वसंताची वाट कोणी पाहत नाही. इकडं वसंत म्हणजे चाळिशीकडं निघालेला पारा. आमच्याकडं जनावरं-पाखरं बोलतात ती पावसाबद्दल.

पावशा ओरडला की माझे आजोबा म्हणत, "ऐक, 'पेर्ते व्हा' म्हणतोय." टिटवीनं अंडी उंचवट्यावर घातली तर पाऊस जोरात, खोलगटात घातली तर बेताचा. आजोबा धुऱ्यावर अंडी दिसली की तिथलं वखर फिरवून घेत, चार अंडी, टोकं आत. त्या वर्षी पाऊस कसा झाला ते काही आठवत नाही, तो वखराचा वळसा तेवढा आठवतो.

पण तुमच्या फिलचा खरा जोडीदार घरोघरी भिंतीवर टांगलेला आहे, कोणाच्या ध्यानात कसा नाही आला? नक्षत्राचं वाहन! मृग, आर्द्रा, पुनर्वसू, प्रत्येक पावसाळी नक्षत्राला कॅलेंडरात वाहन छापलेलं असतं: घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, हत्ती. बेडूक, म्हैस, हत्ती आला की घरात आनंद. कोल्हा नाहीतर मेंढा आला की आजोबांचं तोंड उतरायचं. घोडा म्हणजे पाऊस डोंगरावर, आपल्या वावराला ठेंगा. नऊ प्राण्यांचं हवामान खातं, अन् एकालाही बिळातून ओढावं लागत नाही.

गणिती | ३ फेब्रुवारी, सकाळी ७:४५

वाहन म्हणजे शुद्ध भागाकार आहे हो. सूर्य त्या नक्षत्रात शिरताना चंद्र ज्या नक्षत्रात असेल, तिथपर्यंत सूर्यनक्षत्रापासून मोजायचं, नवानं भागायचं, बाकी एक उरली तर घोडा, दोन तर कोल्हा, आणि शून्य आली की हत्ती. बेडकाला यातलं काही माहीत नसतं.

वऱ्हाडी ठेचा | ३ फेब्रुवारी, ८:०२

बेडकाला नसलं माहीत तरी बँकेला कुठं माहीत असतं पाऊस येणार का ते. कर्ज देतेच ना.

सोनकी | ३ फेब्रुवारी, ९:३०

काल तुमच्याकडे फिलचा दिवस होता तेव्हा इकडे वसंतपंचमी होती, हे कोणी बोललंच नाही! दोन्ही एकाच दिवशी. आणि आपलीही गंमत तीच: वसंतपंचमी माघात, वसंत ऋतू मात्र चैत्र-वैशाखात. यंदा पाडवा ३० मार्चला, म्हणजे बरोबर आठ आठवडे. फिल निदान सहाच म्हणतो. थंडीच्या निरोपाच्याही आपल्याकडे दोन तारखा आहेत: महाशिवरात्रीला 'शिव शिव' म्हणत जाते ती एक, आणि होळी जळाली, थंडी पळाली ही दुसरी. एक चुकली तर दुसरी हाताशी.

वर्दी देणारा म्हणाल तर कोकीळ, दुसरं कोण. पण त्याच्या बाबतीत आपण जे करतो ते फिलच्या सावलीपेक्षा कमी नाही. एक तर 'कोकिळा गाते' म्हणतो. गातो तो नर, काळाकुळकुळीत, डोळे लालभडक. मादी तपकिरी, अंगभर ठिपके, ती नुसती किक् किक् करत या झाडावरून त्या झाडावर पळते. दुसरं म्हणजे तो वसंत आला म्हणून गातो असं आपण धरून चालतो.

माझ्या खिडकीसमोर सोसायटीचं जांभळाचं झाड आहे. हिवाळाभर कोकीळ तिथेच असतो, फळं खातो, पण गप्प. परदेशातून वगैरे येत नाही. साधारण फेब्रुवारीत एक दिवस पहाटे घसा साफ केल्यासारखा आवाज काढतो. दोन 'कुहू' नीट, तिसरा मध्येच फाटतो, मग चार दिवस शांतता. मार्चमध्ये लय लागते आणि एप्रिलमध्ये पहाटे साडेचारला उशी कानावर घ्यावी लागते. आता याच दिवसांत खाली काय चाललेलं असतं? कावळे काड्या गोळा करायला लागलेले असतात. गेल्या वर्षी आमच्या कावळीनं वरच्या मजल्यावरचा कपडे वाळत घालायचा तारेचा हँगर नेला घरट्याला. कोकिळाला अंडी घालायला कावळ्याचं घरटं लागतं, आणि कावळा घरटं बांधतो पावसाळ्याच्या आधी, पिल्लांना भरवायला तेव्हा मुबलक मिळतं म्हणून. म्हणजे कोकीळ कावळ्याचं घड्याळ बघतो, कावळा पावसाचं. वसंताशी या दोघांचा थेट संबंध एवढाच, की त्यांच्या धावपळीत तो मध्ये येतो.

कावळेकाका | ३ फेब्रुवारी, १०:१०

मी रुमाल टाकला होता तो नेमका हेच लिहायला. सोनकीताई, तुम्ही माझं घरटं पळवलंत. शाळेतलं सुभाषित आठवतंय ना, वसंत आला की कावळा कोण नि कोकीळ कोण ते कळतं? ते कावळ्याला सोडून बाकी सगळ्यांना कळतं.

अवांतरप्रेमी | ३ फेब्रुवारी, १०:४०

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

निवांत | ४ फेब्रुवारी, रात्री ९:१५

आज रथसप्तमी. धागा आत्ता सलग वाचला. तीस वर्षं महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवलंय, म्हणून थोडं.

फिलच्या सावलीची थट्टा झाली ते ठीक, पण 'फेब्रुवारीच्या सुरुवातीला ग्राउंडहॉग बिळातून बाहेर येतो' एवढा भाग खरा आहे. खुद्द पेनसिल्व्हेनियात रानातल्या ग्राउंडहॉगांना रेडिओ-यंत्रं बसवून हे पाहिलेलं आहे.

हा खरोखरीचा शीतनिद्रेतला प्राणी. अस्वलासारखी अर्धीमुर्धी डुलकी नव्हे. शरीराचं तापमान ३७ अंशांवरून ५ अंशांच्या आसपास उतरतं. हृदयाचे ठोके मिनिटाला ऐंशीच्या घरात असतात, ते चार-पाचावर येतात. सगळा हिवाळा अन्नाचा कण नाही, शरद ऋतूत साठवलेल्या चरबीवर निभवायचं. म्हणजे तुमच्या मेथीवर आणि घेवड्यावर. मधूनमधून तो काही तास जागा होतो, अंग गरम करतो, परत निजतो. यात चरबी फार जळते, म्हणून प्रत्येक जाग महाग.

तरीही नर फेब्रुवारीच्या आरंभी उठून बर्फात बाहेर पडतात. खायला काही नसतं. मग जातात कुठे? आजूबाजूच्या माद्यांच्या बिळांकडे. एकेका बिळात डोकावतात, मादी आहे का, कुठली आहे, अशी ओळखपरेड करून येतात. मीलन तेव्हा होत नाही. परत आपल्या बिळात जाऊन निजतात आणि मार्चच्या सुरुवातीला दोघंही खऱ्या अर्थानं उठतात, तेव्हा शोधाशोधीत वेळ जात नाही. महिनाभराची गर्भावस्था, एप्रिलमध्ये पिल्लं. पिल्लं लवकर झाली तर गवत उगवलेलं नसतं, उशिरा झाली तर पुढच्या हिवाळ्याआधी अंगावर चरबी चढत नाही. ही वेळ थंडी-ऊन बघून नव्हे, तर अंगातल्या वार्षिक घड्याळावर ठरते, आणि ते घड्याळ दिवसाच्या लांबीशी जुळलेलं असतं. दक्षिणेकडच्या ग्राउंडहॉगांची झोप कमी दिवसांची, उत्तरेकडच्यांची जास्त.

तेव्हा २ फेब्रुवारीला तो आभाळाकडे बघत नसतो. स्थळं बघत असतो.

वऱ्हाडी ठेचा | ४ फेब्रुवारी, ९:३१

सर, दंडवत! पत्रिका जुळवूनच परत झोपतो म्हणा की.

चौकस | ४ फेब्रुवारी, ९:५०

@परसबाग, मेथीचं कोणी बोललंच नाही. कुंपण लावा, पण नुसतं जमिनीवर नको, तो खालून येतो. तारेची जाळी एक फूट खोल पुरायची आणि खालचं टोक बाहेरच्या बाजूला काटकोनात वळवायचं, म्हणजे उकरताना पंजे जाळीवर आपटतात. वरचा फूटभर भाग खांबांना न बांधता लुळा सोडायचा. हा गडी चढतोही. जाळी डुगडुगली की माघार घेतो. पिंजऱ्यात धरून दुसरीकडे सोडायचा विचार असेल तर आधी तिथले नियम विचारा, बऱ्याच ठिकाणी परवानगीशिवाय चालत नाही.

परसबाग | ९ फेब्रुवारी, सकाळी १०:०५

धागा वर काढतेय, कारण आहे.

काल रात्री बर्फ पडला. सकाळी कचऱ्याचा डबा ओढायला बाहेर गेले तर शेडच्या कोपऱ्यातल्या भोकापाशी बर्फावर मातीचा पंखा पसरलेला. ताजी, ओली, तांबूस माती. आणि तिथून पावलांची एक ओळ सरळ निघालेली. पुढच्या पायाची चार बोटं, मागच्याची पाच, मध्ये मध्ये पोट घासल्याचा पट्टा. माझ्या वाफ्यावरून गेली, थांबलीसुद्धा नाही. पलीकडच्या घराच्या लाकडी ओसरीखाली शिरली. तिथल्या पायरीशी बर्फ बराच तुडवलेला होता. मग त्याच वाटेनं परतीची ओळ, आणि भोक आतून मातीनं बंद.

@निवांत सर, मी पायात चपला घालून बर्फात उभी राहून हे सगळं बघत होते. शेजारणीला सांगावं का, तुझ्या ओसरीखाली मुलगी आहे म्हणून?

निवांत | ९ फेब्रुवारी, रात्री १०:२०

अभिनंदन. मी तीस वर्षं हे फळ्यावर काढून दाखवलं, प्रत्यक्ष कधी पाहिलं नाही. फोटो टाका ना. शेजारणीला एप्रिलमध्ये सांगा, तेव्हा तीन-चार पिल्लांसह सांगता येईल.

गणिती | १६ मार्च, सकाळी ८:००

सहा आठवडे आज पूर्ण. नोंद घ्यावी.

सोनकी | १६ मार्च, ८:४०

इकडे होळी जळाली, थंडीला जाऊन महिना झाला, आणि कोकिळाचा तिसरा 'कुहू' आता फाटत नाही.

परसबाग | ३० मार्च, दुपारी २:१५

सर्वांना पाडव्याच्या शुभेच्छा. जाळी पुरून झाली, एक फूट खोल, टोक बाहेर वळवून. दोन शनिवार आणि नवऱ्याची कंबर खर्ची पडली. मेथी अजून पाकिटात आहे, रात्रीचं दव गोठायचं थांबलं की टाकेन. सकाळी मागच्या डेकवर गुढी उभारत होते तर भुऱ्या शेडसमोर दोन पायांवर उभा. हिवाळ्यात निम्मा झालाय, कातडी अंगावर लोंबतेय. गुढीकडे बघत होता, का तिच्या साखरेच्या गाठीकडे, कोण जाणे.

वऱ्हाडी ठेचा | ३० मार्च, रात्री ११:५० (भारतीय प्रमाणवेळ)

सणाचा दिवस ताई, त्याला नैवेद्य दाखवला की नाही?

परसबाग | ३० मार्च, दुपारी ३:०५

कडुनिंब इथे मिळत नाही. त्यानं ट्यूलिपचे कोंब स्वतःच्या हातानं वाढून घेतले.